खिचडीच्या गंजातल्या चिठ्ठ्या

समस्त शिक्षणप्रेमी जनतेस, पालकांस, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांस आणि विशेषकरून आपापल्या शाळेत बदल घडवू इच्छिणाऱ्या तमाम मुख्याध्यापकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, तेल्हारा तालुक्यातील एका अनुदानित हायस्कूलच्या पटांगणावर, शाळा उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी, प्रार्थना संपल्यानंतर व प्रतिज्ञा सुरू होण्यापूर्वी, संस्थेच्या अध्यक्षांचा उजवा हात शाळेच्या मुख्याध्यापकाच्या डाव्या गालावर पडला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेला. सदर प्रसंगी माइक सुरू होता.

मुख्याध्यापक मी.

माइकचं मुद्दाम सांगतो. तो मीच आदल्या आठवड्यात अकोल्याहून दुरुस्त करून आणला होता. काम चोख झालं होतं. थापडेचा आवाज भोंग्यातून निघाला, समोरच्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवर आपटला आणि परत आला. म्हणजे मारली एक, ऐकू आल्या दोन.

चष्मा उडाला. पाचवीच्या रांगेत पडला. एका मुलीने तो उचलला, फ्रॉकला पुसला, आणि कुणाला द्यावा ते न कळून तसाच धरून उभी राहिली. अध्यक्षांना सारं गाव बापूसाहेब म्हणतं. पासष्टीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं, हात मात्र शेतकऱ्याचा, रुंद. त्यांनी माइक स्वतःकडे वळवला आणि माझ्याकडे पाहत म्हणाले,

"खुर्ची तुले आमी देल्ली. बसाले देल्ली, हालवाले नाई."

यावर मी काय बोललो, तेही माइकवर गेलं. सहाशे पोरांनी ऐकलं. मी म्हणालो,

"हो साहेब."

मग मी सावधानचा हुकूम दिला. प्रतिज्ञा झाली. डाव्या कानात शिट्टी वाजत होती, त्यामुळे मी ती उजव्या कानाने ऐकली.

आता असं मी केलं तरी काय होतं? चोरी नाही. मुलीची छेड नाही. मी आठवीच्या दोन तुकड्या चिठ्ठ्या टाकून पाडल्या होत्या. एवढंच.

एवढंच म्हणजे किती, ते समजायला आमची शाळा माहीत पाहिजे. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. अ आणि ब. अ तुकडी रस्त्याकडच्या पक्क्या इमारतीत. पंखे, मोठा फळा, खिडकीतून कडुलिंबाची सावली. ब तुकडी मागे, टिनाच्या खोल्यांत. उन्हात टिन तापतं. पावसात टिन वाजतं, मग मास्तर काय बोलतो ते ऐकू येत नाही. पण बहुतेक वेळा मास्तर नसतोच, त्यामुळे नुकसान होत नाही. गणिताचे आणि विज्ञानाचे सर अ वर. ब वर ज्याचा तास रिकामा असेल तो. मी त्याच शाळेत शिकलो, त्याच टिनाखाली. आम्हाला दोन वर्षं बीजगणित चित्रकलेच्या सरांनी शिकवलं. समीकरणं फार सुबक काढायचे. सुटलं एकही नाही.

कोण कुठल्या तुकडीत, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. जूनमध्ये शाळेचे बाबू, म्हणजे वासुदेवबाबू, प्रवेशाची यादी घेऊन बापूसाहेबांच्या घरी जायचे. ओसरीवर झोपाळा. बापूसाहेब झोपाळ्यावर बसून यादी मांडीवर घ्यायचे आणि आडनावं बघायचे. फक्त आडनावं. लाल पेनने टिंब. टिंब म्हणजे अ. त्यांच्या तोंडून कधी एका जातीचं नाव निघालं नाही. त्यांच्या वडिलांच्याही निघालं नव्हतं. सभ्य घराणं.

आणि नुसती जात नव्हती बरं का. त्यांच्याच जातभाईंतला, पण मजुरी करणारा, किंवा मागच्या निवडणुकीत दुसरीकडे शिक्का मारणारा, त्याचं पोरगंही ब मध्ये. मग तो बाप ओसरीखाली उभा राहायचा. एक दिवस. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी टिंब मिळायचं आणि पुढली पाच वर्षं तो माणूस बापूसाहेबांचा. गंमत पुढेच आहे. बापूसाहेबांचे स्वतःचे नातू अकोल्याला बंगल्यात राहून इंग्रजी शाळेत शिकतात. अ तुकडीत त्यांच्या घरचं कुणीच नाही. त्यांना अ तुकडी शिकायला नको होती. वाटायला हवी होती.

मी ब चा. आमची अख्खी वस्तीच ब ची. आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली, भिंतीवरचे जुने देव उतरवले, बापांच्या पिढीने पोरं शाळेत घातली. शाळेनं त्यांना टिनाखाली बसवलं. आठवीत असताना एकदा दुपारी आमच्या वर्गावर कुणी आलं नाही. मी उठलो आणि अ च्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आत दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग चालला होता. मला कळत होतं. पहिल्यांदाच गणितातलं काही कळत होतं आणि त्या आनंदात मी खिडकीच्या चौकटीवर बोटं ठेवली. सर शिकवत शिकवत खिडकीपर्यंत आले. माझ्याकडे पाहिलंही नाही. लाकडी पल्ला ओढला, खिट्टी लावली.

बोटं चौकटीतच होती.

मी ओरडलो. आतून सरांचा आवाज आला, हवा येते म्हणून. खिट्टी काढायला त्यांना थोडा वेळ लागला, कारण फळ्यावरचं उदाहरण पुरं व्हायचं होतं. मधल्या दोन बोटांची नखं काळी पडली, आठवड्यानं गळाली. नवी आली ती वाकडी. सूत्र मात्र आजही पाठ आहे.

असा मी त्या शाळेचा मुख्याध्यापक कसा झालो? कुणाच्या कृपेने नाही. सेवाज्येष्ठतेने. बापूसाहेबांना त्यांचा भाचा बसवायचा होता, पण भाचा माझ्यानंतर सहा वर्षांनी नोकरीला लागलेला, आणि कागद कागदाच्या जागी ठाम राहिला. मग त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. बस म्हणाले. मी पायरीवर बसलो, कारण बसायला दुसरं काही दाखवलं नव्हतं. चहा आला. त्यांना कपबशी, भाच्याला कपबशी, वासुदेवबाबूंना कपबशी. मला कागदी कप. विचारायची सोय नाही. कागदी कप स्वच्छ असतो. वापरून फेकता येतो.

तो चहा मी प्यालो. गोड होता. आणि आता आणखी एक कबूल करतो, कारण नाहीतर ही गोष्ट सांगायचा मला हक्क नाही. त्यानंतरचे दोन जून यादी घेऊन वासुदेवबाबूंबरोबर मीही गेलो. मी आडनावं वाचायचो, ते टिंबं द्यायचे. माझा आवाज चांगला आहे. गॅदरिंगच्या नाटकांत तीस वर्षं कामं केली आहेत. मी आमच्या वस्तीतली आडनावंही तशाच खणखणीत आवाजात वाचली आणि पेन पुढे सरकताना पाहिलं.

मग मला अमरावतीला पाठवलं.

प्रशिक्षण होतं. तीन दिवसांचं. विषय, शैक्षणिक संस्थांमधील बदलाचे नेतृत्व व व्यवस्थापन. राजापेठेतला एक वरच्या मजल्यावरचा हॉल, खाली ट्यूशन क्लासच्या पोरापोरींच्या स्कूट्यांची गर्दी, वर पन्नास-साठ मुख्याध्यापक, बहुतेकांचे केस गेलेले, मे महिना. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. तरुण, उत्साही, मनाने चांगल्या. त्यांनी आम्हाला गोल उभं करून चेंडू फेकायला लावला. मग फळ्यावर एक रेषा काढली. बदल आला की माणूस आधी नाकारतो. मग रागावतो. मग घासाघीस करतो. शेवटी स्वीकारतो. रेषा आधी खोल खाली जायची आणि मग डौलात वर यायची. मला ती फार आवडली.

माझ्या शेजारी अकोल्याकडचे एक म्हातारे मुख्याध्यापक बसले होते. त्यांनी हात वर करून विचारलं, "मॅडम, रागाच्या ठिकानी किती दिवस राहा लागते?"

मॅडम म्हणाल्या, ते संवादावर अवलंबून आहे. म्हातारबुवा समाधानाने खाली बसले आणि माझ्या कानात म्हणाले, "हेल्मेट घेऊन ठेव, भाऊ."

शेवटच्या दिवशी पिवळे कागद वाटले. परत जाऊन कोणता एक बदल कराल ते लिहा. मी लिहिलं, तुकड्या चिठ्ठ्या टाकून पाडीन, गणिताचे सर दोन्हीकडे सारखे. मॅडमनी तो मोठ्याने वाचला आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. टाळ्या ही माझी कमजोरी. नटाला दारू लागत नाही, टाळ्या लागतात. मी झिंगत खाली उतरलो, राजापेठेतल्या दुकानातून खरंच एक हेल्मेट घेतलं आणि संध्याकाळच्या एसटीत ते मांडीवर घेऊन बसलो. मला वाटत होतं, बदल म्हणजे टाळ्या.

शाळा उघडायच्या आधी शिक्षकांची सभा घेतली. नऊ जण. आठ जणांनी टेबलाकडे पाहिलं. गणिताचे सर, कमी बोलणारा माणूस, एवढंच म्हणाले की वेळापत्रकात असेल त्या वर्गावर जाईन, मले पगार गणिताचा मिळते, अ तुकडीचा नाई. वासुदेवबाबूंना मी सांगितलं, यंदा यादी घरी न्यायची नाही. त्यांनी मान हलवली. मान ते कशालाही हलवतात.

उघडण्याच्या दिवशी आठवीच्या पालकांना पटांगणावर बोलावलं. सुरुवात आठवीपासूनच, कारण गणित तिथे तुटतं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कौसाबाईंनी आपला मोठा गंज घासून आणला. गंज म्हणजे आमच्याकडचं खोल पातेलं, त्यात दोनशे पोरांची खिचडी मावते. त्यात चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांवर अ, निम्म्यांवर ब. कौसाबाई गंज घेऊन उभ्या, आणि एकेक पोरानं यायचं, हात घालायचा, चिठ्ठी काढायची, मोठ्याने वाचायची. दिवाळीनंतर खोल्यांची अदलाबदल, म्हणजे टिन सगळ्यांच्या वाट्याला आणि पंखाही सगळ्यांच्या. मी माइकवरून समजावून सांगितलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला प्रयोग. मोठ्या शेतीवाल्या घरचा पोरगा ब म्हणाला तेव्हा त्याच्या बापाचा चेहरा उतरला. आमच्या वस्तीतल्या एका पोरीने अ वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चिठ्ठी उलटी करून मागे काही लिहिलं आहे का ते पाहिलं. तिची आई माझ्याकडे आली. सोयाबीनच्या पेरणीवरून उठून आली होती, पायाला काळी माती.

"मंग आता बापूसायबाकडं कवा जाऊ?" तिने विचारलं.

मी म्हणालो, जायचं नाही. तिचा विश्वास बसला नाही.

त्या जूनमध्ये ओसरीखाली कुणी उभं राहिलं नाही. वासुदेवबाबू सांगतात, बापूसाहेब दोन दिवस झोपाळ्यावर बसून होते, फाटकाकडे बघत. तिसऱ्या दिवशी शाळेत आले. माझ्या गालावर पडली ती थापड त्या रिकाम्या ओसरीची होती.

पण ती मला सकाळी लागली नाही. सकाळी नुसती बसली. लागली दुपारी.

मधल्या सुट्टीत मी टिनाच्या खोल्यांकडे गेलो. आठवी ब मध्ये दंगा चालला होता. दाराआडून पाहिलं. एक पोरगा टेबलावर उभा, खांद्यावर रुमाल उपरण्यासारखा टाकलेला. तो बापूसाहेब. समोर दुसरा, पुठ्ठ्याचा चष्मा लावलेला. तो मी. टेबलावरच्याने हात फिरवला, तोंडाने थाड आवाज काढला, 'मी' गिरकी घेऊन पडला, चष्मा उडाला, 'मी' उठला, हात जोडले आणि म्हणाला, "हो साहेब."

वर्ग हसून लोळला.

मीही हसलो असतो. काम चांगलं होतं. माझी एक खांदा पाडून उभं राहायची लकब त्याने बरोबर पकडली होती. मी तीस वर्षांत इतकी हुबेहूब नक्कल कुणाची केली नाही. मग नट बदलायची वेळ आली. बापूसाहेब व्हायला सगळ्यांचे हात वर. मोठ्या घरच्या पोरांचे वर, आमच्या वस्तीतल्या पोरांचेही वर. मी व्हायला कुणीच तयार नाही. थोडी ढकलाढकल झाली. शेवटी एकीनं वहीचं पान फाडलं, तुकडे केले, आणि त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याची निघाली त्याचं तोंड पडलं.

"मीच कावून?" तो म्हणाला.

माझी शाळा माझ्याकडून चिठ्ठ्या टाकायला शिकली होती. दोन दिवसांत. कशासाठी टाकत होती ते पाहा.

मी तिथून ऑफिसात आलो, दार लावलं आणि भिंतीवर डोकं आपटलं. एकदा. नाटक म्हणून नाही, पाहायला कुणी नव्हतं. फळ्यावर लिहिलेलं पोरं उतरवून घेतात. मी गणित लिहायला निघालो होतो आणि त्यांच्यापुढे लिहून काय ठेवलं होतं? दोन शब्द. कागदी कपातला चहा पिताना तेच लिहिलं होतं. यादी वाचताना तेच. खिडकीबाहेर बोटं चोखत उभा होतो, तेव्हाही मनात तेच होतं. आता ते सहाशे वह्यांत गेलं होतं. ते खोडायचं तर जिथे लिहिलं तिथेच खोडावं लागणार होतं. पटांगणावर. माइकसमोर.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब पुन्हा आले. सोबत भाचा, आणि त्यांनी स्वतः केलेली यादी. लाल टिंबांची. प्रार्थना झाली. त्यांनी माइक घेतला, पोरांना खाली बसवलं आणि सांगितलं, मी नाव घेईन त्या पोरानं उठायचं आणि आपल्या जुन्या तुकडीत जायचं. पहिलं नाव घेतलं. पोरगा अर्धा उठला आणि माझ्याकडे पाहत तसाच राहिला, ना उभा ना बसलेला.

मी बाजूने माइकवर वाकलो आणि म्हणालो, कोणीही उठायचं नाही.

हात वर गेला. तोच, उजवा, रुंद. मी तो हवेतच धरला. मनगटाला. घड्याळाचा पट्टा तुटून घड्याळ खाली पडलं. मी दाबलं. हाडाला हाड लागेपर्यंत दाबलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. मनात आलं, पल्ला ओढावा, खिट्टी लावावी, आणि फळ्यावरचं उदाहरण पुरं होईपर्यंत काढू नये. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंड उघडं पडलं. मी माइकवरच बोललो, आमच्या घरच्या बोलीत, कारण प्रमाण मराठीत मला ते सुचलं नाही.

"काल मारली थे मारली. आज हात खाली घ्या."

मागून भाच्याने माझ्या पाठीत लाथ घातली. मी माइकसकट पडलो. तो छातीवर बसला, गुद्दे घालू लागला, ओठ फाटला, दात हलला. गणिताच्या सरांनी त्याला मानेला धरून ओढलं. तो त्यांच्यावर उलटला तेव्हा कौसाबाई चुलीपुढून उठून आल्या आणि खिचडीचा गरम झारा त्याच्या खांद्यावर ठेवला. ठेवला म्हणतो, कारण त्या शांत होत्या. तो किंचाळला. आडव्या पडलेल्या माइकमधून ते गावभर गेलं. पोरांपैकी एकही जागचं हललं नव्हतं. ज्याचं नाव घेतलं होतं तो पोरगा खाली बसला होता. स्वतःच्याच जागी.

मी उठून प्रतिज्ञा घेतली. रक्त गिळत घेतली.

मॅडमची रेषा मी त्या आठवड्यात बऱ्याचदा आठवली. रागाच्या ठिकाणी आम्ही होतो, पण तिथे उभारी कुठे येते ते त्यांनी दाखवलं नव्हतं. उभारी म्हणजे बैलबंडीच्या कडेचा जाड दांडा. चार दिवसांनी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, मी हिवरखेडच्या रस्त्याने गाडीवर घरी येत होतो. पुलाजवळ दोन मोटरसायकली आडव्या. तिघं, तोंडाला दुपट्टे. मला खाली पाडलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. अकोल्याच्या म्हातारबुवांना माझा नमस्कार. पण त्यांना डोकं नकोच होतं. त्यांना उजवा हात हवा होता, सही करतो तो. एकानं तो मनगटाला धरून पुलाच्या कठड्यावर ठेवला, कोपर सरळ केलं. दुसऱ्यानं उभारी उचलली.

ज्यानं हात धरला होता त्याचे डोळे दुपट्ट्यावरून दिसत होते. ओळखीचे. आमच्याच वस्तीतला, आमच्याच ब तुकडीचा. आता पंचविशीचा. दहावीला गणितात तीनदा गेला आणि मग बापूसाहेबांच्या ट्रॅक्टरवर लागला. त्याच्या वर्गावर गणिताच्या रिकाम्या तासाला मी जायचो आणि गोष्टी सांगून पोरांना हसवायचो. फार हसायची पोरं. तो खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाला,

"सर, हालू नका, नाई त डोक्साले लागन."

सर म्हणाला. हात मोडायला धरतानाही सर.

पहिल्या घावाला आवाज झाला, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. दुसऱ्याला आवाज झाला नाही, ओलं काहीतरी फुटल्यासारखं वाटलं. तिसरा गुडघ्यावर. मी ओरडलो असणार. आठवतं ते एवढंच की शेजारच्या शेतात बैलांनी पेरणी करणारा माणूस थांबला, पाहिलं, आणि बैल वळवून उलट्या दिशेने गेला.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात उजव्या हाताला खांद्यापर्यंत प्लास्टर. तिसऱ्या दिवशी दुपारी बापूसाहेब भेटायला आले. केळी घेऊन. मनगटाला लवचिक पट्टी बांधली होती, माझ्या बोटांच्या जागी. सोबत वासुदेवबाबू, काखेत फाइल. माझी बायको उशाशी बसली होती. तिने केळी घेतली नाहीत, पिशवी जमिनीवरच राहिली.

बापूसाहेब स्टुलावर बसले आणि मऊ आवाजात बोलू लागले. मॅडम, तुमची रेषा बरोबर होती. राग संपला होता. घासाघीस सुरू झाली होती. झालं ते झालं, म्हणाले. पोरं तापट असतात. तुझी नोकरी अजून आठ वर्षं आहे, पोरगी शिकते आहे. फाइलीतून कागद निघाला. दोन परिच्छेद. पहिल्यात मी मोटरसायकलवरून घसरून पडलो होतो. दुसऱ्यात आठवीच्या तुकड्या पूर्वप्रथेप्रमाणे पुन्हा पाडण्यास माझी संमती होती. नाहीतर निलंबन. अध्यक्षांवर हात टाकला, सहाशे साक्षीदार. त्यांनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं.

"सही त जमनार नाई तुले," ते म्हणाले. "अंगठा लाव."

वासुदेवबाबूंनी शाईचा पॅड उघडला.

माझा बाप अंगठा लावायचा. या शाळेत माझं नाव घालताना त्याने लावला होता. मी शेजारी उभा होतो. शाई पुसायला फडकं होतं, ते त्याला कुणी दिलं नाही, आणि तो तो काळा अंगठा मुठीत लपवून घरापर्यंत चालत आला होता. त्या मुठीनं मला एम. एड. केलं. आणि आता मला अंगठा लावायला सांगत होते. मी काही बोलायच्या आत बापूसाहेबांनी वाकून माझा डावा अंगठा धरला आणि स्वतःच पॅडवर दाबला. जोरात. पलंगावर पडलेल्या माणसाचा अंगठा दाबायला फार ताकद लागत नाही.

ताकद मला सोडवायला लागली. हात हिसकला तो पॅडसकट. पॅड उडून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर आदळला, छातीवर निळा डाग पसरला. ते उठले. माझी बायकोही उठली, आणि तिच्या हातात सलाईनची लोखंडी दांडी होती. ती कधी घेतली ते मला कळलं नाही. बापूसाहेब उभेच राहिले. वॉर्डातले सगळे पेशंट उठून बसले होते.

मी वासुदेवबाबूंकडे डावा हात पसरला आणि पेन मागितलं. त्या माणसाने आयुष्यभर मागेल त्याला पेन दिलं आहे. त्याने दिलं.

त्याच कागदावर, दोन्ही परिच्छेदांवरून आडवं, मी डाव्या हाताने लिहायला घेतलं. पहिलीतल्या पोरासारखं. वेलांट्या घसरत होत्या, रेघ डोंगर चढत होती, अंगठ्याची शाई अक्षरांवर फासली जात होती. वेळ लागला. सगळे थांबले. लिहिता लिहिता माझ्या मनात जे होतं ते इथे सांगून ठेवतो. निलंबन येणार होतं, ते आलंही. न्यायाधिकरणात तारखा पडतील, पडू दे. पुढच्या जूनला आठवीबरोबर पाचवीच्याही तुकड्या गंजातून निघतील. मी खुर्चीवर असेन तर आत, नसेन तर फाटकाबाहेर रस्त्यावर गंज ठेवून, पालकांसमोर. कागदी कपातला चहा मी आयुष्यात पुन्हा पिणार नाही. कुणाच्या ओसरीवर एकही आडनाव वाचणार नाही. त्यांनी डावा हात मोडला तर तोंडाने सांगेन, आठवी ब लिहून घेईल. तोंड फोडलं तर आठवी ब ला आता सूत्र येतं. आणि ज्याने पुलावर माझा हात धरला त्याचं नाव मी पोलिसांना सांगणार आहे, आणि त्याच जबाबात हेही लिहून देणार आहे की त्याला गणित न शिकवणाऱ्यांत मी होतो.

कागदावर मात्र पाचच शब्द झाले. तुकड्या चिठ्ठ्यांनीच पडतील. पुढच्या वर्षीही. खाली सही, पूर्ण नावाने, आडनावासकट.

मी कागद पुढे केला. बापूसाहेबांनी तो घेतला, दूर धरला, जवळ धरला. त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता. शर्टावरची शाई अजून ओली होती. त्यांनी कागद वासुदेवबाबूंच्या अंगावर टाकला आणि काय खरडलं ते वाच म्हणाले.

वासुदेवबाबूंनी कागद उचलला. एकदा वाचला. पुन्हा वाचला. मालकाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अक्षर लय खराब आलं, सर. पन वाचता येते."